वाकळ वाळेपर्यंत थांबा : मेणवलीच्या घाटावर येणाऱ्या मंडळींना खुले पत्र

प्रति,
शनिवार-रविवार मेणवलीला येणारी पुण्या-मुंबईची मंडळी, त्यातही कॅमेरा, ड्रोन, रंगीत धुराच्या नळ्या आणि लांब शेपटाचे गाऊन घेऊन लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी वाईची. सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. मेणवली आमच्यापासून तीन किलोमीटरवर, कृष्णेकाठी. माझ्या धाकट्या मावशीला तिथे दिलेलं होतं, त्यामुळे लहानपणीच्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्या घाटावरच गेल्या. पुढे मावशी गेली, तिची मुलं नोकरीपायी पिंपरीला गेली, घराला कुलूप लागलं. मी मात्र अजून महिन्यातून दोनदा तरी जाते. कशाला जातेस म्हणून घरी विचारतात, तेव्हा चालायला जाते असं सांगते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी तिथे पाहिलंय. तुम्ही मला पाहिलं असण्याचा संभव कमी, कारण मी बहुतेक वेळा 'जरा बाजूला होता का' म्हटल्यावर बाजूला झालेल्या माणसांत असते. एवढी वर्षं बाजूला होत आले, आता एकदा मध्ये उभी राहून बोलते.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. पितृपंधरवडा चालू होता, पाऊस उघडला होता. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं धुता येईल तेवढं सगळं धुऊन काढतात. पडदे, चादरी, पांघरुणं, आणि सगळ्यांत शेवटी वाकळा. जुन्या लुगड्यांचे थर हातांनी शिवून केलेली वाकळ कोरडी असते तोवर लहान पोरही ओढत नेतं. भिजली की दोघी बायांना उचलत नाही. मोरीतल्या नळाखाली तिचं काम होत नाही. मशीनमध्ये वाकळ घातलेली एक सून माझ्या माहितीत आहे. मशीन थरथरत थरथरत न्हाणीच्या दारापर्यंत चालत आलं होतं. वाकळेला वाहतं पाणी लागतं, आपटायला दगड लागतो आणि वाळत टाकायला उन्हाने तापलेला पसरट दगड लागतो. मेणवलीच्या घाटावर तिन्ही गोष्टी एका जागी आहेत. त्या सकाळी घाटाच्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत वाकळांनी झाकल्या होत्या. हिरवी, जांभळी, कुणाच्या लग्नातल्या शालूचा तुकडा मध्ये बसवलेली, कुणाच्या शाळेच्या गणवेशाची ठिगळं लावलेली.

तेवढ्यात तुमची एक गाडी आली. म्हणजे तुमचीच असं नाही, तुमच्यासारख्यांची. मुलगा, मुलगी, दोन फोटोवाले, एक छत्री धरणारा, एक नुसताच 'हां, मस्त, मस्त' म्हणणारा. छत्रीवाल्याने पाहणी केली आणि सगळ्यांत वरच्या पायरीवरच्या आजींना म्हणाला, "आजी, पाचच मिनिटं ते कपडे काढता का? फ्रेममध्ये येतायत."

"कशात येत्यात?"

"फ्रेममध्ये."

"मंग येऊ दे की. वाळली की जाईल निघून, तिथं ऱ्हायला थोडीच आलीय."

त्याला वाटलं आजींना कळलं नाही. त्याने पुन्हा समजावलं, पार्श्वभूमी, जुना लूक वगैरे. आजी शांतपणे म्हणाल्या, "वाकळ वाळल्याबिगर उचलत न्हाय. ऊन तुज्या वळखीचं आसंल तर त्येला सांग, लवकर वाळव म्हनून." मग त्याने पाचशेची नोट काढली. घाटावरचं आपटणं एकदम थांबलं. खालच्या पायरीवरची एक बाई म्हणाली, "पाचशे वाकळंचं का आमचं?" आणि सगळ्या खो खो हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता असं मी म्हणणार नाही.

आजींना खरी शंका वेगळीच होती. "पर ह्या पंधरवड्यात नवरानवरी कशी काय?" मुलगा बिचारा पुढे येऊन म्हणाला, आजी, लग्न डिसेंबरात आहे, हे नुसते फोटो. "मंग डिसेंबरातच काढावं की," आजी म्हणाल्या. यावर सहा जणांपैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मुलगी मात्र शहाणी निघाली. उंच टाचेच्या चपला काढून ती पायरीवर बसली, गाऊन मांडीवर गोळा केला. आजींनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसलीयस तर ह्ये टोक धर." वाकळ पिळायची होती. पिळायला समोरासमोर दोघी लागतात आणि दोघींनीही आपापल्या उजव्या बाजूला पीळ द्यायचा असतो. मुलीने आजींकडे बघून आरशातल्यासारखं केलं. आजी पीळ देत होत्या आणि ही तो नकळत उलगडत होती. वाकळ लोळागोळा झाली, पाणी काही निघेना. तिसऱ्या खेपेला तिला ते कळलं, आणि वाकळेतून जी धार सुटली ती थेट गाऊनवर. मग त्या दिवशी फोटो निघाले की नाही, मला माहीत नाही. मला उशीर झाला होता, मी निघाले.

हे वाचून कुणी म्हणेल, बाई, झालं ते गमतीतच झालं की. झालं खरं. पण त्याच घाटावरची दुसरी गोष्ट गमतीची नाही.

एका घरचा दहावा होता. घाटाच्या एका अंगाला पिंड ठेवून माणसं लांब उभी होती. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना सांगायला नको: कावळा शिवेपर्यंतची ती वेळ कशी जाते. आधी सगळे गप्प असतात. मग थोरला पुढे होऊन हात जोडतो, "आईची काळजी घेऊ." कावळा नाही. "धाकटीचं शिक्षण पुरं करू." नाही. "बांधावरनं भांडणार नाही." हे बोलताना त्याचा आवाज कापत होता, कारण चुलतभाऊ शेजारीच उभा होता. तरी कावळा येईना. समोरच्या झाडावर कावळे होते, पण खाली उतरत नव्हते, नुसते उडून उडून पुन्हा बसत होते. कुणाच्या तरी बारक्याने वर बोट दाखवलं. घाटाच्या बरोबर वर, गरगर करत, एक ड्रोन थांबला होता.

ड्रोन उडवणारा वाड्याच्या भिंतीपलीकडे होता. त्याला इथलं काही दिसत नव्हतं, म्हणजे दिसत होतं पण वरून, आणि वरून दहावा आणि सहल सारखीच दिसते. निरोप गेल्यावर त्याने लगेच उतरवला, येऊन माफीही मागितली, चांगल्या घरचा मुलगा होता. तोपर्यंत भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला होता. थोरला म्हणाला, "थांबा जरा." आणि अर्ध्या तासाने खरा कावळा आला. माझी विनंती एवढीच आहे की तो अर्धा तास तुम्ही एकदा त्या पायरीवर उभं राहून घालवून बघा.

आता मी स्वतः किती धुतल्या तांदळाची आहे तेही सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मी मोठ्या ऐटीत घाट दाखवायला नेलं होतं. पाण्यात एक पोरगा म्हशी धूत होता. मी त्याला म्हटलं, "अरे, म्हशी जरा पलीकडे ने, पाहुणे आलेत." तो म्हणाला, "बाई, ह्या पन पावन्याच हायेत. मामाच्या हायेत." पुढे तो माझ्याच वर्गात आला आणि भूगोलात नापास झाला. त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

ज्या दगडी पार्श्वभूमीसाठी तुम्ही सुरूर फाट्याला हायवे सोडून एवढ्या लांब येता, तिच्याविषयी थोडं बोलते. शिकवायची सवय जात नाही.

मेणवली हे नाना फडणविसांचं गाव असं म्हणतात, पण नाना इथले नव्हेत. जन्म साताऱ्याचा, १७४२ सालचा. १७६१ च्या पानिपतावरून जीव वाचवून परतले तेव्हा विशीसुद्धा गाठलेली नव्हती. आई तिकडेच गेली. १७६८ साली औंधच्या पंतप्रतिनिधींकडून आणि साताऱ्याच्या मंत्र्यांकडून त्यांना हे गाव इनाम मिळालं आणि मग वाडा, घाट, देवळं उभी राहिली. सहा चौकांचा वाडा, भोवती बुरुजांची भिंत, आत सागवानी खांब, भिंतींवर चित्रं, आणि मागच्या दाराने बाहेर पडलं की थेट कृष्णा. बारभाईंचं राजकारण चालवणाऱ्या माणसाला घराच्या मागच्या दाराशी नदी हवी होती, हे मला आवडतं. त्या माणसाबद्दल आवडण्यासारखं फार सापडत नाही, म्हणून हे धरून ठेवलंय.

वाडा खासगी मालकीचा आहे, नानांच्या वारसांकडे. तो बघताना तुम्ही दुसऱ्याच्या घरात आहात, एवढं लक्षात ठेवलंत तरी खांबाला पाय लावून उभं राहायचा मोह आवरेल. दिवाणखान्याचे फोटो सगळेच काढतात. मला तिथे गेलं की जिऊबाई आठवतात. नाना १८०० साली गेले तेव्हा त्यांची ही शेवटची बायको अगदी कोवळ्या वयाची होती. दुसऱ्या बाजीरावाचा डोळा नानांच्या मालमत्तेवर. तिची पळापळ, लोहगड, इंग्रजांचं संरक्षण, तनखा, आणि शेवटी पुन्हा मेणवली. नानांनी या वाड्यात किती दिवस काढले असतील कुणास ठाऊक, कारभारी माणूस, पाय पुण्यात अडकलेला. वाड्यात खरं आयुष्य काढलं ते त्या विधवा मुलीने. ती मागच्या दाराने घाटावर उतरत असेल का, कुणाशी बोलत असेल, असं मी मावशीला विचारायची. मावशी म्हणायची, "बोलत असंल की. धुनं तर सगळ्यांचंच असतं." आता वाटतं, जिऊबाईंचं धुणं दुसऱ्या कुणीतरी धुतलं असणार. पण मावशीचं उत्तर मी खोडलं नाही.

नानांचा दुसरा ऐवज आता इथे नाही. त्यांचे कागद, ज्याला मेणवली दफ्तर म्हणतात, साताऱ्याच्या द. ब. पारसनिसांनी उजेडात आणले आणि आज ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहेत. मराठेशाहीच्या शेवटच्या पर्वावर लिहायला बसणाऱ्याला मेणवलीचं नाव घ्यावंच लागतं. या गावात कागद होते आणि नदी होती. कागद पुण्याला गेले.

घंटा मात्र राहिली, आणि तिच्याकडे तुम्ही नीट बघत नाही ही माझी सगळ्यांत मोठी तक्रार आहे. घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं आहेत. मेणेश्वराजवळच्या छोट्या दगडी खोलीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. लोक येतात, टोला हाणतात, आवाज आला की दचकून हसतात आणि जातात. जरा वाका आणि अंगावरचं बघा. तिच्यावर मेरी आहे, कडेवर बाळ येशू घेतलेली, आणि साल आहे १७०७. ही पोर्तुगीजांच्या चर्चमधली घंटा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि देशावरच्या देवळांत वाटल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा तसलीच, भीमाशंकरचीही. नाशिकला मोठ्या आवाजाच्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणतात. आमच्या घंटेवरून अशी काही म्हण पडली नाही, आम्ही वाईकर मुळात हळू बोलतो.

वसईत ती घंटा बत्तीस वर्षं होती. घाटावर तिला दोन शतकांच्या वर झाली. मावशी त्या मूर्तीला लेकुरवाळी म्हणायची. मेरी म्हणजे कोण हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पाचगणी जवळ आहे, तिथल्या शाळांत, चर्चमध्ये कामाला जाणाऱ्या बायका आमच्या ओळखीच्या होत्या. तरी ती लेकुरवाळीच. शंकराच्या शेजारी लेकरू घेऊन टांगलेली बाई, तिला आणखी काय म्हणणार? धुणं झालं की मावशी ओल्या हाताने घंटेच्या कडेला नुसता स्पर्श करायची, टोला नाही द्यायची. कान लावला तर एवढ्यानेही ती आत कुठेतरी गुणगुणते. करून बघा. त्यासाठी मात्र शेजारी स्पीकर चालू असता कामा नये.

पाण्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे, कारण इथे माझा विषय येतो. कृष्णा महाबळेश्वराला उगम पावते आणि चौदाशे किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, हे तुम्ही चौथीत पाठ केलंय. मेणवलीला येईपर्यंत तिने जेमतेम पहिली पायरी उतरलेली असते. पण तेवढ्यात ती दोनदा अडवली गेलेली असते: जोरच्या खोऱ्यातून उतरल्यावर बलकवडीला एकदा आणि धोमला पुन्हा. त्यामुळे घाटाच्या किती पायऱ्या उघड्या दिसणार हे आभाळाबरोबर धरणावरही ठरतं. उन्हाळ्यात जिथे बसून तुम्ही पाय हलवता, ती पायरी पावसाळ्यात माणूसभर खाली असते. श्रावण-भाद्रपदात वर कुठे पाऊस झाला आणि विसर्ग वाढवला, तर घाटावर ऊन पडलेलं असताना पाणी चढतं. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. ते हिरवं, मखमली, फोटोत फार छान दिसतं. त्याच्यावर पाय ठेवून मागे सरकायला सांगणारे फोटोवाले मी पाहिले आहेत. धुणाऱ्या बायका 'पाय बघ गं' म्हणून ओरडतात तेव्हा त्या तुमच्या शूटिंगमध्ये व्यत्यय आणत नसतात.

मेणवलीलाच एवढं थांबायचं का, असं कुणी विचारेल. नका थांबू, पुढे जा. धोमचं देऊळ तुमच्यातले फार कमी लोक बघतात, आणि ते माझ्या मते या खोऱ्यातलं सगळ्यांत खेळकर बांधकाम आहे. नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ. समोर दगडी कमळाच्या आकाराचं कुंड, त्यात कासव, आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंड पाण्याने भरलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन पोहत निघाल्यासारखं दिसतं. ज्याने हे घडवलं त्याला बहुधा लहान मुलं असावीत. वर्गातल्या पोरांना नेलं की ती नंदीला नमस्कार करायच्या आधी कासवाला हाक मारायची. तिथून वर गेलं की धरणाची भिंत. पाणी निळंशार, पलीकडे कमळगड. तिथे गप्प उभं राहावं. सत्तरच्या दशकात हे पाणी साठलं तेव्हा त्याच्याखाली गावं गेली आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बघायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना मी पाहिलंय. ते फोटो काढत नाहीत, बोटाने नुसतं दाखवतात: इथं, नाही, जरा तिकडं.

वाईबद्दल मी काय सांगू, घरचंच कौतुक. ढोल्या गणपतीला जालच, १७६२ सालचं, सरदार रास्त्यांनी बांधलेलं देऊळ. दर्शन झालं की मागच्या बाजूला जाऊन भिंत बघा. माशाच्या तोंडासारखी निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी तिथे आपटून दुभंगावं म्हणून. हिवाळ्यात आलात तर सात घाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव असतो. अफजलखान चालून आला तेव्हाचा नवस आहे असं सांगतात. आणि हो, मराठी विश्वकोश याच गावात बसून तयार झाला, त्याचे प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच राहायचे. हे सांगितल्यावर पाहुणे 'अच्छा' म्हणतात आणि मिसळ कुठे चांगली मिळते ते विचारतात.

पांडवगडाचा पायथा मेणवलीतच आहे. चढायचं तर पहाटे निघा, वर पाण्याची टाकी आहेत आणि पांडजाईचं ठाणं आहे. उन्हात चढून खाली आल्यावर 'गावात थंड काहीच मिळत नाही' असं म्हणू नका. ताक मागा, मिळतं.

फेब्रुवारी-मार्चात आलात तर हळद बघा. तुम्ही येता तेव्हा रस्त्याच्या कडेला जी पिवळट, मातकट वाळवणं दिसतात, ती. शेतातून काढलेली हळद शिजवतात, पूर्वी मोठ्या काहिलीत उसाचं पाचट जाळून, आता बऱ्याच ठिकाणी वाफेवर. शिजलेली हळद उघडली की येणारा वास मसाल्याच्या डब्यातल्या हळदीसारखा अजिबात नसतो. ओल्या मातीचा आणि उकडलेल्या रताळ्याचा मिळून असतो. मग ती पसरून आठ-पंधरा दिवस वाळवतात. जेठे गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. वाळलं की नाही ते मोडून बघतात, टणकन आवाज यायला लागतो. एकदा तुमच्यातल्याच कुणीतरी सोनेरी पार्श्वभूमी म्हणून अशा वाळवणावर नवरीला निजवलं होतं. शेतकरी घरी नव्हता. संध्याकाळी तो आला तेव्हा हळकुंडांच्या मधोमध माणसाच्या आकाराचा खळगा होता. त्याला आधी वाटलं कुत्रं लोळलं.

जाता जाता: दुकानात 'वायगावची हळद' मागू नका. ती वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची, तिला तिचं स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. आमची ती वाईची. नावातल्या एका 'गाव'मुळे आमचे दुकानदार रोज दोन-चार वेळा भूगोल शिकवतात, फुकट.

रंगपंचमीला आलात तर बावधनचं बगाड आहे, म्हणजे नवसाचा माणूस उंच टांगून नेणारा लाकडी गाडा. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैल जुंपून शेतांतून ओढत बावधनला नेतात. तिथे कुणी कुणाला बाजूला व्हायला सांगत नाही, सांगून कुणी होणारही नाही. तुमच्यातल्या कॅमेरावाल्यांनी ते एकदा अनुभवावं.

मला माहीत आहे, तुमच्यातल्या काहींचं पोट यावर आहे. लग्नसराईत दिवसाला दोन-दोन जोडपी घेऊन फिरणारी फोटोवाली पोरं सातारा-पुण्याचीच असतात, हप्त्यावर कॅमेरा घेतलेली असतात. सिनेमावाल्यांनी तर या घाटाला पिढीभर पोसलंय असं गावात म्हणतात. जेवणावळी, गाड्या, गर्दीत उभं राहायचे पैसे, सगळं खरं. मावशीच्या मोठ्या मुलाने एका शूटिंगमध्ये तीन दिवस डोक्यावर पेंढी घेऊन घाट उतरायचं काम केलं होतं. स्वतःच्याच घाटावर, स्वतःच्याच गावकऱ्याचं सोंग. पैसे बरे मिळाले. 'तुमची चाल गावाकडची वाटत नाही' म्हणून त्याला चार वेळा परत चालायला लावलं, हे तो अजून सांगतो. तेव्हा येऊ नका असं मी म्हणत नाही, म्हणायचा मला हक्कही नाही, मी मेणवलीची नाही, वाईची.

माझं म्हणणं तुमच्या त्या एका शब्दाबद्दल आहे. तुम्ही म्हणता, 'क्लीन फ्रेम हवी.' घाट 'क्लीन' असावा ही इच्छा आमचीही आहे. तुम्ही उडवलेले कागदी चमचमते तुकडे पुढचे तीन आठवडे मेणेश्वराच्या पायऱ्यांच्या सांदीत सापडतात, धुतलेल्या कपड्यांना चिकटून घरी येतात. एका आजोबांच्या धोतराला चांदीचा बदाम चिकटलेला मी पाहिलाय, ते तसेच ग्रामपंचायतीत जाऊन आले. धुराच्या नळ्यांची टोपणं पाण्यात असतात. हे उचलायला कुणी येत नाही, त्या वाकळवाल्याच बायका उचलतात. तुमच्या 'क्लीन'मध्ये हे कागद चालतात आणि ती वाकळ चालत नाही, एवढंच मला समजावून सांगा. शिकवण्यात आयुष्य गेलं, शिकायची तयारी आहे.

सकाळी नऊच्या आत घाटाच्या ज्या अंगाला लोक कोंडाळं करून, टोप्या काढून उभे असतील, त्या अंगाला कॅमेरा नको, आवाज नको, वर काही उडवायला नको. धुणं चालू असेल तर विचारून बसा, कुणी नाही म्हणत नाही. आणि पैसे देऊ करायचेच असतील तर पायरीवर उभं राहून नोट दाखवू नका. गावात जाऊन अंडी घ्या, शेंगा घ्या, हळद घ्या, मोजून द्या, मोजून घ्या.

यंदाही घट बसायच्या आधीच्या आठवड्यात घाटावर वाकळा असतील. दुपारी दोनच्या पुढे त्या उलटतात, चारपर्यंत बहुतेक उचलतात. त्यानंतरचं ऊन तुमच्या कामाला बरं असतं असं तो छत्रीवालाच मला सांगत होता.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाईची एक निवृत्त बाई

ता. क. : गेल्या वर्षीच्या त्या मुलीची एक चप्पल पायरीवर राहिली. पांढरी, उंच टाचेची, डाव्या पायाची. आजींनी ती पुसून गोठ्यातल्या खुंटीला टांगून ठेवलीय. मी गेले की विचारतात, "आली का गं तुझी ती पोरगी?" डिसेंबरातलं लग्न आता होऊन गेलं असेल. जोडीने यायला हरकत नाही. फक्त येताना उजवी घेऊन या, म्हणजे खात्री पटेल.